सर अलेक्झांडर फ्लेमिंग

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर हिरवट बुरशी चढली म्हणजे ती भाकरी टाकून देण्यात येते, व ते योग्यच आहे. परंतु बुरशीच्याच एका जातीने जगातील असंख्य माणसांचे प्राण वाचविले आहेत. तिचा हा गुण ज्यांनी ओळखला, त्या सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सादर करीत आहो.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. माळरानात व ओढ्याकाठी हिंडताना बारकाईने पाहण्याची जी सवय त्यांस जडली, तीच पुढे त्यांच्या कामी आली. लहान वयातच ते लंडन येथे वडील बंधूंकडे गेले आणि काही काळ शिकून एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी चार वर्षे कारकुनी केली. विसाव्या वर्षी एका काकांच्या मृत्युपत्रान्वये थोडे द्रव्य हाती येताच त्यांनी सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळविला. १९०६ साली ते डॉक्टर झाले व तेथेच सर आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात फ्लेमिंग यांनी एक हृदयद्रावक प्रकार पाहिला. तोफगोळ्यांतून वाचलेले तरुण शिपाई जखमा चिघळून दगावत. खोल जखमेत ओतलेली जंतुनाशके जंतूंपर्यंत पोहोचत नसत. उलट शरीराचे रक्षण करणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींचाच नाश करीत. जंतूंस मारील पण माणसास इजा करणार नाही, असे द्रव्य शोधण्याचा ध्यास त्यांस लागला. १९२१ साली नाकातील शेंबूड, अश्रू व अंड्याचा पांढरा बलक यांत जंतुनाशक असा लायसोझाइम नामक पदार्थ त्यांस आढळला; परंतु भयंकर रोगांच्या जंतूंवर त्याचा फारसा प्रभाव पडत नसे.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीहून परतल्यावर जंतू वाढविलेल्या काचेच्या बशा तपासताना एका बशीत बुरशी उगवलेली त्यांनी पाहिली. तिच्या सभोवतालचे जंतू विरून गेले होते. दुसऱ्या कोणी ती बशी बिघडली म्हणून धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती बुरशी जतन करून वाढविली व तिच्या रसास पेनिसिलिन हे नाव देऊन १९२९ साली आपला शोध प्रसिद्ध केला. जंतूंच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती बांधण्याच्या कामी पेनिसिलिन अडथळा आणते. माणसाच्या पेशींस अशी भिंतच नसल्याने त्या सुरक्षित राहतात.

तथापि तो रस शुद्ध करणे त्यांस साधले नाही. ते कार्य ऑक्सफर्ड येथील फ्लोरी, चेन, हीटली प्रभृती शास्त्रज्ञांनी पार पाडले. १९४० साली त्यांनी आठ उंदरांस मारक जंतू टोचले. पेनिसिलिन दिलेले चार जगले, उरलेले चार मेले. १९४१ साली मरणोन्मुख पोलिसास ते देताच त्यास उतार पडू लागला. परंतु औषधाचा साठा संपला आणि तो बिचारा दगावला. पुढे अमेरिकेतील कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर तयार केले. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी संस्था स्थापन झाली व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन बनू लागले.

बुरशीच्या अंगी हा गुण का असावा? एकाच अन्नावर बुरशी व जंतू दोघांचाही डोळा असतो. म्हणून काही बुरशी प्रतिस्पर्ध्यास रोखणारे द्रव्य बाहेर सोडतात. ही झुंज जमिनीत चालते, तशी गोड्या पाण्यातही चालते. १९४२ साली इंगोल्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरील बुरशींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे अशा काही बुरशींत जंतुरोधक द्रव्ये सापडली. आपल्या बिंदुसरा व मांजरा नद्यांतही पाने कुजतात. तेथेही जिज्ञासू विद्यार्थ्यास पाहण्याजोगे पुष्कळ आहे. मात्र प्रयोगशाळेतील गुण आणि रोग्यास देण्याजोगे औषध यांत केवढे अंतर असते, हे पेनिसिलिनच्या इतिहासावरून ध्यानी येईल.

पालकांस आमची एक विनंती आहे. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतू मरत नाहीत, उलट ते औषध पचविण्यास शिकतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. तो आज खरा ठरला आहे. अनेक जंतू जुन्या औषधांस दाद देईनासे झाले आहेत. म्हणून अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत, शेजाऱ्याची उरलेली मुलास देऊ नयेत आणि ताप उतरताच आपल्या मनाने बंद करू नयेत.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे लंडन येथे देहावसान झाले व सेंट पॉलच्या भव्य मंदिरात त्यांच्या रक्षेस स्थान मिळाले. शेतकऱ्याच्या ह्या मुलाने इतरांनी टाकून दिली असती अशी वस्तू लक्षपूर्वक पाहिली, आणि अनेकांच्या श्रमांनी तिचे औषध झाले. ते निरुपयोगी होऊ न देणे हे आता आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.