मॅगी लेना वॉकर

मॅगी लेना वॉकर (१५ जुलै, १८६४ – १५ डिसेंबर, १९३४) या अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षिका, उद्योजिका व समाजसेविका होत्या. १९०३ मध्ये रिचमंड (व्हर्जिनिया) येथे बँक स्थापन करून त्या बँकेचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना मोलकरणीच्या कामापलीकडे प्रतिष्ठेचा रोजगार मिळावा, यासाठी त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले.

प्रारंभिक जीवन

मॅगी यांचा जन्म रिचमंड येथे झाला. त्यांच्या आई एलिझाबेथ ड्रेपर पूर्वी गुलामगिरीत होत्या. १८७६ मध्ये सावत्र वडिलांचे निधन झाल्यावर आईने लोकांचे कपडे धुऊन संसार चालवला. धुतलेले कपडे गोऱ्या गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवण्याचे काम मॅगी करीत. १८८३ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या शिक्षिका झाल्या. १८८६ मध्ये आर्मस्टेड वॉकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहित स्त्रियांना शिक्षिकेच्या पदावर ठेवले जात नसल्याने त्यांना नोकरी सोडावी लागली.

संस्थात्मक कार्य

'इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक' ही कृष्णवर्णीयांची परस्पर साहाय्य संस्था होती. सभासदांच्या वर्गणीतून आजारपणात व अंत्यविधीसाठी मदत दिली जाई. किशोरवयातच सभासद झालेल्या मॅगी १८९९ मध्ये संस्थेच्या प्रमुख सचिव झाल्या. त्या वेळी संस्था कर्जबाजारी होती आणि तिजोरीत जेमतेम ३१ डॉलर शिल्लक होते. त्यांच्या कारकिर्दीत सभासदसंख्या सुमारे १ लाखापर्यंत वाढली.

१९०२ मध्ये त्यांनी 'सेंट ल्यूक हेराल्ड' हे वृत्तपत्र आणि १९०३ मध्ये 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' सुरू केली. धुणी धुणाऱ्या स्त्रियाही या बँकेत अल्प रकमा साठवू शकत.

स्त्रियांचा रोजगार

गोऱ्यांच्या मालकीच्या कचेऱ्यांमध्ये व दुकानांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांना लिपिक किंवा विक्रेत्या म्हणून सहसा प्रवेश नव्हता. मॅगी यांनी आपल्या संस्थेतच अशा जागा निर्माण केल्या. संस्थेच्या कार्यालयात व बँकेत स्त्रिया हिशेब आणि पत्रव्यवहाराची कामे शिकल्या. कारभारातील जबाबदारीची पदेही त्यांच्याकडे आली. १९०५ मध्ये सुरू केलेल्या 'सेंट ल्यूक एम्पोरियम' या दुकानात विक्रेत्या म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियाच नेमण्यात आल्या. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक विक्रेत्यांवर दबाव आणला, पुरेसे ग्राहकही मिळाले नाहीत आणि काही वर्षांतच दुकान बंद पडले. कार्यालय व बँकेतील नोकऱ्या मात्र टिकून राहिल्या.

उत्तरायुष्य व स्मृती

१९२१ मध्ये त्यांनी राज्याच्या शिक्षण अधीक्षकपदाची निवडणूक लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. अखेरच्या वर्षांत त्या चाकांच्या खुर्चीतून कारभार पाहत. महामंदीच्या आरंभी त्यांची बँक शहरातील इतर कृष्णवर्णीय बँकांमध्ये विलीन झाली आणि नव्या बँकेच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. त्या काळात अनेक बँका बुडाल्या, पण ही बँक तगली.

रिचमंडमधील त्यांचे घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन करण्यात आले आहे. २०१७ मध्ये त्याच शहरात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.