बॅरिस्टर ते मजूरमंत्री : बाबासाहेबांचे कष्टाचे दिवस



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दोन शब्द लिहा, असं कमिटीच्या मंडळींनी सांगितलं. मी काही लेखक नाही. मिलमध्ये काम करणारा माणूस. शाळा अर्धवट सुटली, जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. पण विषय बाबासाहेबांचा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

आणखी एक कारण आहे. मी कित्येक वर्षं भीमजयंतीच्या स्टेजवरून सांगत आलो की, बाबासाहेबांनी एका सहीनं कामगारांचे चौदा तासांचे आठ तास केले. टाळ्या पडायच्या. एकदा सभा संपल्यावर कॉलेजचं एक पोट्टं जवळ आलं आणि कोणत्या कायद्यानं, कोणत्या साली, असं विचारू लागलं. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. मग शोधून शोधून वाचलं. जे हाती लागलं ते आमच्या भाषणापेक्षा मोठं होतं. तेच इथं मांडतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं झाला, हे आपल्या लेकरालाही माहीत आहे. पण त्यांचा दिवस कसा जायचा, हे फार थोड्यांना माहीत आहे. परळच्या चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तिथंच सरपण आणि जातं. सुभेदार रामजी बाबा रात्री उशिरापर्यंत जागत आणि दोन वाजता भीमरावांना उठवून मगच स्वतः पाठ टेकत. मिणमिणत्या दिव्याखाली पोरगं वाचत बसायचं. १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. आपल्या विहाराचं मूळ म्हटलं तर त्या पुस्तकात आहे.

पुढे १९१३ ते १९१६ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि मग लंडनला शिक्षण झालं. लंडनमध्ये पैशाची इतकी ओढाताण की दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचं आणि रात्री भूक लागली की भाजलेल्या पापडांवर भागवायचं. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली लंडन विद्यापीठाचे डी.एस्सी. झाले आणि त्याच साली मुंबईत वकिली सुरू केली. एवढा शिकलेला माणूस, पण वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते! पारशी मित्र नवल भथेना त्या वेळी उपयोगी पडले.

आता बॅरिस्टर म्हटलं की आपल्याला बंगला आणि मोटार दिसते. बाबासाहेबांचं घर होतं परळच्या बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचं कुटुंब तिथंच राहिलं. आजूबाजूला सगळे गिरणीवाले. भोंगा झाला की चाळ जागी व्हायची. ऑफिस जवळच दामोदर हॉलमध्ये. हायकोर्टात मोठी कामं सॉलिसिटरकडून मिळायची आणि सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला तयार नसत. म्हणून आगगाडीनं बाहेरगावच्या कोर्टांत जाऊन जे मिळेल ते काम करावं लागे. गरिबाकडे फी नसली तरी त्याचे कागद परत जात नसत. तेवढ्यानं घर चालेना, म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. १९२८ पासून सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकी केली, १९३५ मध्ये तिथंच प्राचार्य झाले. म्हणजे कोर्ट, क्लास, ऑफिसात आलेली माणसं, सभा, आणि रात्री परत पुस्तक. असा त्यांचा दिवस.

ह्या दिवसाचा भार माता रमाईनं उचलला. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. लाडका राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. तरी त्याच साली बाबासाहेब पुण्याला जेधे-जवळकरांच्या बाजूनं उभे राहिले. ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावरून त्यांना शिक्षा झाली होती, ती त्यांनी अपिलात सोडवली. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चा खटलाही त्यांनी घेतला. तो हरला, पण लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी तो नाकारला नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. तिथल्या सवर्णांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात दावा लावला. त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं कोर्ट! मधल्या काळात, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या होत्या.

गिरणी कामगारांचं दुःख त्यांना चाळीतच दिसत होतं. कापड खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला साच्यावर घेत नसत. का? तर धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि उष्टा धागा स्पृश्याला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडली. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. त्यात त्यांनी कम्युनिस्टांनाही बरोबर घेतलं.

आणि मग जुलै १९४२. नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

इथं मला अब्राहम लिंकनची आठवण होते. तोही गरिबाघरचा. इलिनॉय प्रांतात घोड्यावर बसून गावोगावच्या कोर्टांत फिरणारा वकील. १८६१ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि यादवी युद्धातच त्यानं गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. पण लिंकनच्या हातात देश होता, फौज होती. बाबासाहेबांच्या हातात काय होतं? राज्य इंग्रजाचं, मंडळात ते अनेकांपैकी एक. युद्ध असं पेटलेलं की जपान ब्रह्मदेशापर्यंत आलेला. सरकारला हवं होतं उत्पादन, कोळसा, पोलाद. अशा वेळी मजुराच्या भाकरीचं कोण ऐकतो? तरी चार वर्षं त्यांनी त्या खुर्चीतून जेवढं काढता येईल तेवढं काढलं.

ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले. पुढं ही त्रिपक्षीय बैठक कायमचीच झाली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले, मजुरांच्या झोपड्या पाहिल्या. महिना-दीड महिन्यात, जानेवारी १९४४ ला, खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर कर बसवून तो पैसा मजुरांसाठी ठेवला. एक गोष्ट लपवू नये. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये बायांना खाणीत खाली कामाला लावण्याची बंदी उठवली गेली. त्यावर असेंब्लीत टीका झाली. ही सवलत तात्पुरती आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असं बाबासाहेबांनी सांगितलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी परत लागू झाली.

आता त्या पोट्ट्याच्या प्रश्नाचं उत्तर. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्याला दिवसाचे १० आणि आठवड्याचे ५४ तास होते. हंगामी कारखान्याला, म्हणजे आपल्या इकडच्या जिनिंग-प्रेसिंगसारख्याला, ११ आणि ६० तास. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये दुरुस्तीचं बिल मांडलं. बारमाहीला ९ आणि ४८ तास झाले, हंगामीला १० आणि ५० तास झाले, आणि जादा कामाला दुप्पट मजुरी आली. १ ऑगस्ट १९४६ पासून हे लागू झालं. आठवड्याचे ४८ म्हणजे सहा दिवसांचे आठ-आठ तास. ‘आठ तास’ म्हणतात ते इथून. त्याच्या आधी, १९४५ च्या दुरुस्तीनं, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला १० दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली होती.

म्हणजे एका सहीत काही झालं नाही. चार वर्षं बैठका, वटहुकूम, बिलं, मालकांची कुरकुर, असेंब्लीतली भाषणं, तेव्हा कुठं आठवड्याला सहा तास सुटले. ज्यानं पाळी केली त्यालाच त्या सहा तासांची किंमत कळते बापा!

आणि त्यांच्या स्वतःच्या तासांचं काय? दिल्लीत पृथ्वीराज रोडवरच्या बंगल्यात दिवसा फायली, रात्री लिखाण. मंत्री असतानाच काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, हे पुस्तक १९४५ मध्ये निघालं. त्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जून १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडलं. शरीर मधुमेहानं पोखरत होतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला. ५ डिसेंबरच्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी उशाशी ठेवायला लावले. सकाळी ते उठले नाहीत.

बंधू-भगिनींनो, ज्यानं आपले तास कमी केले त्यानं स्वतःचे तास कधी मोजले नाहीत. आपल्याला मिळालेल्या त्या मोकळ्या वेळाचं आपण काय करतो? कोणी टीव्हीपुढं, कोणी चौकात, कोणी दारूच्या गुत्त्यावर. विहारात पुस्तकांचं कपाट आहे, त्याला कुलूप आहे. माझी कमिटीला हात जोडून विनंती आहे की ह्या वर्धापनदिनापासून ते कुलूप रोज संध्याकाळी एक तास उघडावं. किल्ली माझ्याकडे द्या, मी बसतो. आणि आपल्यातला कोणी स्टेजवर चढला तर बाबासाहेबांचं खरं तेवढंच सांगावं. खोट्या आकड्याचा हार त्यांना लागत नाही, त्यांचं खरंच पुष्कळ मोठं आहे.

तो विचारणारा पोरगा परत भेटला तर त्याला हा लेख दाखवायचा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!