पाण्याची पायरी

तिजोरी बंद केल्यावर हँडल पुन्हा ओढून पाहण्याची सवय मला बँकेच्या नोकरीने लावली. म्हणूनच की काय, इमाम गझाली मला जवळचे वाटतात.

१०५८ साली इराणातल्या तूस येथे जन्मलेले गझाली १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक झाले. एकदा संशयाने त्यांना असे ग्रासले, की सुमारे दोन महिने स्वतःच्या डोळ्यांवर आणि बुद्धीवरही त्यांचा भरवसा उरला नाही. १०९५ मध्ये तर शिकवताना त्यांची वाचाच बसली. मानमरातब सोडून ते दमास्कस, जेरुसलेमकडे निघून गेले.

याच एकांतवासाच्या काळातल्या ‘इह्या’ या ग्रंथात त्यांनी शुद्धीवर एक स्वतंत्र भाग लिहिला. नमाजापूर्वी तोंड, हात, पाय धुणे म्हणजे वजू. तो नीट झाला का, पाणी शुद्ध होते का, या शंकेने पुन्हा पुन्हा पाणी ओतणाऱ्यांना ते पैगंबरांच्या सोबत्यांची आठवण देतात. ते उघड्या जमिनीवर नमाज पढत. खलिफा उमर यांनी तर एका ख्रिस्ती स्त्रीच्या घागरीतल्या पाण्याने वजू केला होता. गझालींच्या शाफई पंथाचा नियमही स्पष्ट आहे. वजू केल्याची खात्री असेल, तर तो नुसत्या शंकेने मोडत नाही.

शुद्धीच्या चार पायऱ्यांत पाण्याची पायरी त्यांनी सर्वांत खालची मानली. तिच्यावर पापांपासून अवयवांची, दुर्गुणांपासून मनाची आणि शेवटी अंतरात्म्याची शुद्धी. ११११ साली ते तूसमध्येच वारले. एवढा मोठा संशय सोसलेल्या माणसाने साध्या भाविकाला छोट्या शंकांतून मोकळे केले. सोवळ्याओवळ्याच्या धाकात वाढलेल्या आपल्या घरांनाही हे परके वाटू नये.