आनंदीबाईंची विद्यासाधना

कोल्हापूर शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची जुनी दगडी इमारत आहे. पूर्वी या रुग्णालयाला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे नाव होते. पन्हाळा, कोडोली अशा भोवतालच्या गावांतील रुग्णांना ते चांगले परिचित आहे. १८८६ साली या रुग्णालयातील स्त्रीविभाग एकवीस वर्षांच्या एका तरुणीच्या हाती सोपविण्याचे कोल्हापूर संस्थानाने ठरविले. ही तरुणी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. ही योग्यता त्यांनी सातासमुद्रांपलीकडे, घरापासून दूर राहून आणि अपार कष्ट सोसून मिळविली होती.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास झाला. त्यांचे माहेर कल्याणचे व माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. मुलींनी पाटीला हात लावणेही लोकांना खपत नसे अशा त्या काळात पत्नीला शिकविण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांचा स्वभाव मात्र तापट होता. अभ्यासात कुचराई झाली की ते कठोर होत. आनंदीबाईंनी ते सारे सोसले आणि विद्येची गोडी वाढविली.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. परंतु योग्य उपचारांअभावी ते बाळ अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या वेळी कितीतरी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगण्यास संकोचत आणि अंगावर काढीत. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंना कळून चुकले. आपणच डॉक्टर व्हायचे, असा त्यांनी निश्चय केला.

या निश्चयाला वाट मिळाली ती कोल्हापुरातून. गोपाळरावांची तेथे बदली झाली असता त्यांनी तेथील अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत पत्नीच्या शिक्षणाविषयी अमेरिकेत पत्र पाठविले. ते तिकडच्या एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांचे मन द्रवले आणि त्यांनी १८८० साली आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रापत्रांतून माया वाढत गेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

परदेशगमनास समाजाचा कडवा विरोध होता. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर भाषण करून आपला हेतू सर्वांपुढे मांडला. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांनी निक्षून सांगितले. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पती बरोबर नव्हते. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जून रोजी, त्यांनी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पाऊल ठेवले.

फिलाडेल्फिया शहरात केवळ स्त्रियांना वैद्यकी शिकविणारे एक महाविद्यालय १८५० पासून चालू होते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका रेचेल बॉडली या त्याच्या प्रमुख होत्या. त्यांनी आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १८८३ च्या ऑक्टोबरात आनंदीबाईंचा अभ्यास सुरू झाला.

त्या अभ्यासाला अंत नव्हता. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, औषधिविज्ञान असे विषय आणि तेही सारे इंग्रजीतून! व्याख्याने ऐकावयाची, प्रेतांचे विच्छेदन करावयाचे, रुग्णांची तपासणी पाहावयाची आणि परीक्षेसाठी ग्रंथच्या ग्रंथ वाचावयाचे, असा तो क्रम होता. शिवाय त्या कडक शाकाहारी असल्याने स्वयंपाकाची जबाबदारी त्यांचीच असे. ते मोठे शहर सगळेच अनोळखी होते. आनंदीबाई मात्र आपला पोशाख सोडावयास तयार नव्हत्या. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडत आणि तिकडची थंडी तर हाडे गोठविणारी! अखेर पुष्कळ विचार करून त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसण्यास आरंभ केला. खोलीतील शेगडीचा धूर कोंडे. शेगडी पेटवावी तर धूर आणि विझवावी तर गारठा, अशा पेचात त्या वाचीत बसत.

या ओढाताणीने त्यांची प्रकृती ढासळू लागली. ताप आणि खोकला पाठ सोडीनात. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. दुरून आलेल्या त्या एकट्याच नव्हत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली या विद्यार्थिनीही तेथे शिकत होत्या. तिघींचे वेश निराळे, भाषा निराळ्या. पण ध्येय एकच होते.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय निवडला तो आपल्याच देशातला. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा तो विषय होय. जुन्या संस्कृत ग्रंथांतील ज्ञान त्यांनी परदेशी विद्वानांपुढे ठेवले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची अशी पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित राहिल्या होत्या.

त्याच वर्षी कोल्हापूरचे बोलावणे आले. ज्या गावातून पत्र गेले होते, त्याच गावातून आता काम चालून आले! नोव्हेंबरात आनंदीबाई मुंबईस उतरल्या. परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. कोल्हापूरचे रुग्णालय त्यांची वाट पाहत राहिले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांना बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठविण्यात आल्या. मावशींनी त्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत आदराने ठेवल्या.

आनंदीबाईंना एकाही वर्षाची रुग्णसेवा घडली नाही. पण त्यांनी खुली केलेली वाट पुन्हा बंद झाली नाही. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी कोल्हापूरच्या त्याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. आज शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक याहून जवळ आहे. गावोगावच्या दवाखान्यांत स्त्री डॉक्टरपुढे निःसंकोचपणे आपले दुखणे सांगणारी प्रत्येक माता, हेच ते स्मारक होय.