सायलेन्सर विकून शर्यती खेळणारा माणूस: कार्लो अबार्थ

गाडीचा आवाज जरा दमदार व्हावा, पिकअप थोडा सुधारावा आणि खिशाला मोठी चाट बसू नये, म्हणून बाहेरचा एक्झॉस्ट बसवणारे आज गल्लोगल्ली दिसतात. या धंद्याला ज्याने नाव आणि इज्जत मिळवून दिली, तो माणूस म्हणजे कार्लो अबार्थ. विंचवाचं चिन्ह असलेला अबार्थ ब्रँड बऱ्याच जणांना माहीत असतो. पण ही कंपनी कारच्या नाही, तर सायलेन्सरच्या जोरावर उभी राहिली, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

जन्म 15 नोव्हेंबर 1908, व्हिएन्ना. मूळ नाव कार्ल. इटालियन झाल्यावर कार्लचा कार्लो झाला. रास वृश्चिक, म्हणून पुढे चिन्ह विंचवाचं. तरुणपणी तो मोटरसायकलच्या शर्यतींत उतरला आणि नंतर साइडकारकडे वळला. 1934 मध्ये त्याने साइडकार घेऊन थेट ओरिएंट एक्सप्रेसशी शर्यत लावली. बेल्जियममधल्या ऑस्टेंडपासून व्हिएन्नापर्यंतचं तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर त्याने रेल्वेच्या आधी गाठलं. तेव्हाचे रस्ते कसे असतील, याची कल्पनाच केलेली बरी! पण 1930 च्या दशकाच्या शेवटी युगोस्लाव्हियात मोठा अपघात झाला आणि त्याचं रेसिंग करिअर तिथेच संपलं.

महायुद्धानंतर तो इटलीत आला. पोर्श कुटुंबाशी जुनी ओळख होती. त्यातून तो ट्युरिनच्या चिसितालिया कंपनीत पोहोचला आणि तिथल्या रेसिंगचं काम बघू लागला. मालक पिएरो दुसिओ यांनी पोर्शकडून ग्रां प्री गाडी बनवून घ्यायला घेतली आणि त्या खर्चाखाली कंपनी बुडाली. दुसिओ अर्जेंटिनाला गेले. अबार्थच्या वाट्याला पैशांऐवजी रेसिंगच्या काही गाड्या आणि सुटे भाग आले. चाळिशीतला माणूस, परका देश, आणि हातात विकायला अवघड असा माल.

31 मार्च 1949 ला त्याने स्कालियारिनी कुटुंबाच्या भांडवलावर अबार्थ अँड कंपनी सुरू केली. 10 एप्रिल 1950 ला तात्सिओ नुव्होलारीने अबार्थची गाडी घेऊन पालेर्मोजवळच्या माँते पेलेग्रिनो घाटातली शर्यत आपल्या गटात जिंकली. नुव्होलारीची ती शेवटची शर्यत. नाव झालं, पण नावावर कामगारांचे पगार होत नाहीत. रेसिंग म्हणजे पैसा खाणारं यंत्र. रोजचा पैसा आणायचा कुठून?

उत्तर होतं सायलेन्सर. इटलीत तेव्हा सामान्य माणसाकडे फियाटची छोटी गाडी असे. पहिल्या टोपोलिनोची ताकद फक्त 13 हॉर्सपॉवर होती. अशा गाडीत एखादी हॉर्सपॉवर वाढली तरी पायाला लगेच जाणवते.

आता यातलं तंत्र समजून घेऊ. कंपनीच्या साध्या सायलेन्सरमध्ये आत कप्पे असतात. धूर त्यातून वळणं घेत जातो, त्यामुळे आवाज कमी होतो. पण गॅस बाहेर ढकलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. अबार्थच्या पद्धतीत आत छिद्रं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लास वूल. गॅसला वाट मोकळी मिळते. कर्कश, बारीक आवाज ग्लास वूल शोषून घेतं, खर्जातला तेवढा बाहेर येतो. म्हणजे आवाज नुसता मोठा नाही, तर भारदस्त. वर काळा रंग आणि मागे चकचकीत क्रोमची टोकं. नवी स्पोर्ट्स कार परवडत नसलेला माणूस एवढं तरी नक्की विकत घेऊ शकत होता. सायलेन्सरची विक्री वर्षाला लाखांत गेली आणि त्यातला मोठा हिस्सा परदेशी जाऊ लागला. शर्यत जिंकली की सायलेन्सर खपायचे, सायलेन्सर खपले की पुढच्या शर्यतीची सोय व्हायची.

पण नुसत्या पाइपने गाडी पळत नाही, हे अबार्थला पक्कं माहीत होतं (आपल्याकडचे काही दुकानदार मात्र हे सोयीस्करपणे विसरतात). म्हणून त्याने पूर्ण किट विकायला काढले. फियाट 600 चं इंजिन 633 सीसीचं, ताकद साधारण 22 हॉर्सपॉवर. अबार्थने ते 747 सीसी केलं, कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट सगळं जुळवलं आणि ताकद चाळिशीपार नेली. 1963 च्या 595 मध्येही तेच: फियाट 500 च्या 18 च्या जागी 27 हॉर्सपॉवर. एक्झॉस्ट हा त्या हिशेबातला एक भाग. आज टर्बो गाडीला महागडा पाइप लावून ईसीयूला हात न लावणाऱ्यांनी हे आकडे जरूर बघावेत.

माणूस हट्टी होता. 1965 मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, विक्रमासाठी बनवलेल्या गाडीच्या अरुंद कॉकपिटमध्ये तो मावेना. मग सफरचंदांचं डाएट करून त्याने सुमारे 30 किलो वजन उतरवलं आणि माँझाच्या ट्रॅकवर स्वतः गाडी चालवून विक्रम केले.

तरी रेसिंगचा खर्च वाढतच गेला. छोट्या कंपनीला तो पेलेना. 1971 मध्ये त्याने कंपनी फियाटला विकली आणि नंतर तो व्हिएन्नाला परतला. 24 ऑक्टोबर 1979 ला तिथेच त्याचं निधन झालं. तेव्हाही सूर्य वृश्चिक राशीतच होता.

2015 मध्ये भारतात अबार्थ पुंटो आली. 1.4 लिटर टर्बो, 145 हॉर्सपॉवर, किंमत दहा लाखांच्या आत. ती तयार व्हायची पुण्याजवळ, रांजणगावला.