संत जॉन बॉस्को : अनाथ कारागिरांचा पिता

भुकेल्यास अन्न द्यावें, उघड्यास वस्त्र द्यावें, बंदिवानाची भेट घ्यावी, हीं दयेचीं कृत्यें आपण बालपणींच धर्मपाठांत शिकतों. परंतु आज वाढलेलें अन्न उद्यां संपतें आणि भुकेला पुन्हां दारीं उभा राहतो. ज्याच्या हातीं कसब नाहीं, ज्याच्या पाठीशीं आईबाप नाहींत, किंवा ज्याच्या नांवास एकदां तुरुंगाचा डाग लागला आहे, अशा तरुणास काय द्यावें म्हणजे तो स्वतःच्या पायांवर उभा राहील? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या सबंध आयुष्यानें दिलें, त्या संत जॉन बॉस्को ह्यांचें चरित्र ह्या महोत्सवी अंकांत वाचकांस सादर करीत आहों.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं, सध्यांच्या उत्तर इटलींतील पीडमाँट प्रांतांत, कास्तेलनुओव्हो गांवाजवळील बेक्की नांवाच्या वाडींत झाला. घर शेतकऱ्याचें व गरिबीचें. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोंच त्याचा पिता फ्रान्सिस निवर्तला. वृद्ध सासू, सावत्र मुलगा अँथनी आणि पोटचे दोन मुलगे जोसेफ व जॉन, एवढ्यांचा भार मार्गारेट ह्या माउलीवर पडला. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु प्रार्थना, कष्ट व सचोटी ह्या गोष्टी तिनें मुलांस घरींच शिकविल्या. नवव्या वर्षीं जॉनला एक स्वप्न पडलें. शिव्याशाप देत भांडणाऱ्या मुलांस तो ठोसे मारून आवरूं पाहत होता, तेव्हां एका तेजस्वी पुरुषानें त्यास सांगितलें कीं ह्यांस मारानें नव्हे, तर ममतेनें जिंकावें. हें स्वप्न तो जन्मभर विसरला नाहीं.

आपण धर्मगुरु व्हावें ही त्याची तळमळ होती. पण अँथनीस पुस्तकांचा तिटकारा. घरांत कलह वाढूं लागला, तेव्हां बाराव्या वर्षीं जॉन घर सोडून मोलिया नांवाच्या शेतकऱ्याकडे गडी म्हणून राहिला. पुढें शिकत असतां पोट भरण्यासाठीं त्यानें शिंप्याची सुई हातीं धरली, लोहाराच्या भट्टीपाशीं काम केलें, आणि किएरी शहरांत कॉफीच्या दुकानांत चाकरी केली. परक्याच्या दारीं राबणाऱ्या पोराचें दुःख काय असतें हें त्यानें असें स्वतः भोगलें होतें.

५ जून १८४१ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. इटलींत धर्मगुरूंस आदरानें डॉन म्हणतात. म्हणून जगांत ते डॉन बॉस्को ह्याच नांवानें ओळखले जातात. त्याच वर्षाच्या अखेरीस ते ट्यूरिन शहरीं आले. तेथें त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ कफासो, ज्यांस ख्रिस्तसभेनें १९४७ सालीं संतपद दिलें, हे त्यांस शहरांतील तुरुंगांत घेऊन गेले.

ट्यूरिन तेव्हां झपाट्यानें वाढत होतें. डोंगराळ मुलुखांतून पोरें कामाच्या शोधांत तेथें येत. कोणी गवंड्याच्या हाताखालीं विटा व चुना वाही, कोणी धुराडीं साफ करी. काम मिळालें तर धन्याचे तडाखे. न मिळालें तर रस्ता. आणि रस्त्यापासून तुरुंग दूर नव्हता. बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट, हुशार मुलें अन्नास व मायेच्या शब्दास पारखीं होऊन, उवांपिसवांत दिवस काढतांना पाहून डॉन बॉस्को ह्यांच्या काळजाचें पाणी झालें. त्याहून एक गोष्ट त्यांच्या मनास अधिक लागली. पुष्कळ मुलें चांगलें वागण्याचा निश्चय करून बाहेर पडत, आणि थोड्याच दिवसांत परत आंत येत. कारण बाहेर त्यांची वाट पाहणारें कोणी नव्हतें. ह्या पोरांस बाहेर एक मित्र असता, सणावारीं त्यांची विचारपूस करणारा व त्यांस काम मिळवून देणारा कोणी असता, तर तीं पुन्हां येथें आलीं नसतीं, असें त्यांस वाटूं लागलें.

८ डिसेंबर १८४१, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या देवळांत डॉन बॉस्को मिस्सेची वस्त्रें चढवीत असतां एक मुलगा सॅक्रिस्तींत डोकावला. त्यास मिस्सेची सेवा करतां येत नाहीं असें कळतांच सॅक्रिस्तननें त्यास मारून हांकलून दिलें. डॉन बॉस्को ह्यांनीं त्यास मायेनें परत बोलाविलें. बार्थोलोम्यू गारेल्ली त्याचें नांव. वय सोळा, धंदा गवंडीकामाचा. आईबाप नाहींत, लिहितांवाचतां येत नाहीं, प्रथम ख्रिस्तशरीरही घेतलेलें नाहीं. शीळ घालतां येते का असें विचारतांच मात्र तो हंसला. मिस्सेनंतर दोघांनीं नमो मरियाची प्रार्थना म्हटली, आणि क्रुसाची खूण करण्यापासून पहिला धर्मपाठ सुरू झाला. पुढील रविवारीं तो आपल्या सोबत्यांस घेऊन आला. ह्याच दिवसास डॉन बॉस्को आपल्या कार्याचा आरंभ मानीत.

मुलांची संख्या शेंकड्यांवर गेली, पण जागा मिळेना. कधीं एखादें कबरस्थानाजवळचें देऊळ, कधीं पिठाच्या गिरण्यांचें आवार, कधीं भाड्याच्या खोल्या, कधीं उघडें कुरण. सर्वत्र गोंगाटाच्या तक्रारी. हा धर्मगुरु वेडा झाला असेंही कांहीं जण म्हणूं लागले. सांगतात कीं त्यांस वेड्यांच्या इस्पितळांत पोंचविण्यासाठीं दोन धर्मगुरु गाडी घेऊन आले. डॉन बॉस्को ह्यांनीं आदरानें त्या दोघांस आधीं गाडींत बसविलें, दार बाहेरून लावलें, आणि गाडी हांकावयास सांगितलें! अखेर १२ एप्रिल १८४६ च्या ईस्टर रविवारीं वाल्दोक्को भागांत पिनार्दी नांवाच्या गृहस्थाच्या जागेंतील एक बसक्या छपराची पडवी त्यांस मिळाली. त्याच वर्षीं ते मरणान्त दुखण्यांतून उठले. दिवसभर विटा वाहणाऱ्या पोरांनीं त्यांच्यासाठीं उपास केले होते. नोव्हेंबरांत ते आपल्या आईस बरोबर घेऊन गांवाहून पायीं चालत परत आले. साठीकडे झुकलेल्या मार्गारेट माउलीनें आपलें घर सोडलें, आणि आपल्या लग्नांतील वस्त्रांचीं वेदीसाठीं वस्त्रें केलीं.

आरंभीं आश्रय दिलेल्या कांहीं पोरांनीं पांघरुणेंच पळविलीं. तरीही दार बंद झालें नाहीं. १८४७ च्या मे महिन्यांत एका पावसाच्या रात्रीं चिंब भिजलेला पंधरा वर्षांचा एक अनाथ मुलगा दाराशीं आला. कामाच्या शोधांत त्याच्या गांठींचे पैसे संपले होते. माउलीनें त्यास शेगडीजवळ बसविलें, सूप व भाकरी दिली, आणि विटा व फळ्या मांडून स्वयंपाकघरांत बिछाना घातला. निजण्यापूर्वीं तिनें त्यास काम, प्रामाणिकपणा व धर्म ह्यांविषयीं चार शब्द सांगितले. पुढें ह्या मुलामागून शेंकडों मुलें आलीं. रात्रीं निजण्यापूर्वीं मुलांस दोन गोष्टी सांगण्याची सालेशियन संस्थांतील रीत ह्याच प्रसंगापासून आली असें मानतात.

आतां ह्या मुलांच्या धंद्याचा प्रश्न होता. डॉन बॉस्को शहरांतील कामाच्या जागीं स्वतः जात, पराती उचलणाऱ्या पोरांस भेटत, आणि चांगला धनी शोधीत. परंतु नुसत्या तोंडच्या शब्दावर ते मुलगा सोंपवीत नसत. ८ फेब्रुवारी १८५२ रोजीं जोसेफ ओदास्सो नांवाच्या उमेदवारासाठीं बेर्तोलिनो नांवाच्या सुताराशीं त्यांनीं स्टँपाच्या कागदावर करार केला. धन्यानें दोन वर्षांत धंदा नीट शिकवावा. चूक झाल्यास शब्दांनीं सुधारावें, हात उगारूं नये. धंद्याबाहेरचीं कामें करवून घेऊं नयेत. रविवार व सणांचे दिवस मोकळे ठेवावे. वर्षांतून पंधरा दिवस सुट्टी द्यावी. वेतन ठरल्याप्रमाणें द्यावें. मुलानेंही आज्ञेंत राहावें व मन लावून काम करावें. धनी, उमेदवार, त्याचा पिता व डॉन बॉस्को ह्या सर्वांच्या सह्या त्याखालीं झाल्या. ज्या काळीं उमेदवाराचे कान उपटणें व त्यास घरकामास जुंपणें हा धन्याचा हक्कच समजला जाई, त्या काळीं एका गरीब पोराचें नांव कायद्याच्या कागदावर मानानें लिहिलें गेलें.

तरीही बाहेरील दुकानांतील अचकटविचकट बोलणें व वाईट संगत मुलांस बिघडवी. म्हणून त्यांनीं घरांतच कारखाने काढले. १८५३ सालीं पादत्राणांचा व शिवणकामाचा, १८५४ सालीं पुस्तकबांधणीचा, १८५६ सालीं सुतारकामाचा, आणि १८६२ सालीं छापखाना व लोहारकाम. आरंभीं शिकविण्यास ते स्वतःच बसत. पुस्तकबांधणीचा पहिला धडा तर जेवणाच्या टेबलावर झाला. छापील कागदांच्या घड्या, माउलीची सुई आणि पिठाची खळ एवढेंच काय तें सामान. पण पुस्तक तयार झालें!

केवळ हाताच्या कसबानें माणूस उभा राहत नाहीं, हें ते जाणून होते. दिवसा राबणाऱ्यांसाठीं रात्रीच्या शाळेंत वाचन, लेखन, गणित व गायन शिकविलें जाई. १८५० पासून राज्यांत नवीं दशमान मापें लागूं होणार होतीं; साध्या कामकऱ्यास कोणी फसवूं नये म्हणून त्यांनीं त्याविषयीं सोपें पुस्तक लिहिलें. त्याच १८५० सालीं मुलांची परस्पर साहाय्य मंडळी स्थापन झाली. प्रत्येकानें रविवारीं एक सोल्दो, म्हणजे अगदीं लहानसें नाणें, जमा करावें. जो आजारी पडेल किंवा ज्याचें काम सुटेल त्यास त्यांतून मदत मिळावी. घेणाऱ्या हातांस देण्याचीही संवय लागली.

ह्या सर्वांमागें मार्गारेट माउलीचे कष्ट होते. एकदां पोरांनीं तिच्या भाजीच्या वाफ्यांची नासधूस केली, तेव्हां ती कंटाळून गांवीं परत जाऊं म्हणाली. मुलानें निमूटपणें भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविलें. ती पाहत राहिली, आणि पुन्हां कामास लागली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजीं ती त्याच मुलांमध्यें निवर्तली.

१८ डिसेंबर १८५९ रोजीं डॉन बॉस्को ह्यांनीं संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवानें सालेशियन संघ स्थापिला, आणि १८७२ सालीं संत मरिया मात्सारेल्लो ह्यांच्यासह मुलींसाठीं धर्मभगिनींचा संघ उभारला. १८७५ सालीं त्यांचे पहिले मिशनरी अर्जेंटिनास निघाले. विवेक, धर्म व ममता हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन आधारस्तंभ. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते प्रभुचरणीं विलीन झाले. पोप अकरावे पायस ह्यांनीं १ एप्रिल १९३४ च्या ईस्टरच्या दिवशीं त्यांस संतपदीं चढविलें, आणि १९५८ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्यांस इटलींतील उमेदवारांचे आश्रयदाते ठरविलें.

त्यांचे पुत्र १९०६ सालीं तंजावर येथें व १९२८ सालीं मुंबईस आले. माटुंगा येथील शाळा व मरियामातेचें मंदिर आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें आहे. कुर्ला येथील त्यांच्या औद्योगिक शाळेंत यंत्रकाम शिकून किती तरी घरांच्या चुली पेटल्या आहेत.

परंतु हें कार्य केवळ मोठ्या संस्थांचें आहे असें समजूं नये. त्याचा आरंभ एका सॅक्रिस्तींत, एका हांकलून दिलेल्या पोरापासून झाला. शाळा सुटलेला, व्यसनांतून सांवरूं पाहणारा, किंवा शिक्षा भोगून परत आलेला तरुण आपल्या धर्मग्रामांतही आढळेल. तो देवळाच्या पायरीशीं आला, तर त्यास आंत कोण बोलावील? आपणांमध्यें सुतार आहेत, विजेचें काम जाणणारे आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, हिशेब जाणणारे निवृत्त सज्जन आहेत. प्रत्येकानें एकेका मुलास आपल्या हाताखालीं घेतलें, चार लोकांत त्याची हमी घेतली, आणि रविवारीं त्याची विचारपूस केली, तर ह्या महोत्सवाची आठवण केवळ ह्या पुस्तिकेंतच राहणार नाहीं. ज्या प्रभूनें नाझरेथ येथें सुताराच्या घरीं स्वतः काम केलें, तो संत जॉन बॉस्को ह्यांच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस ही बुद्धि देवो. आमेन.