ओ. हेन्री : तुरुंगात घडलेला कथाकार

कारागृह आणि ग्रंथ यांचे नाते मराठी वाचकाला नवे नाही. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात. या थोर पुरुषांचा बंदिवास देशकार्यासाठी होता. तो त्यांना कोणापासून लपवावा लागला नाही. उलट समाजाने त्याला भूषण मानले. परंतु ज्याच्या बंदिवासामागे असे कोणतेही तेज नाही, ज्याला बँकेतील पैशांच्या अफरातफरीबद्दल शिक्षा झाली आहे, ज्याचे नाव घेताना त्याच्याच घरची माणसे खाली मान घालतात, अशा माणसाने लेखणी कोणत्या बळावर हाती धरावी? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यातून मिळते, त्या अमेरिकन कथाकार ओ. हेन्री यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेसाठी निवडले आहे.

ही निवड करण्यामागे आणखी एक कारण आहे. निवासी शाळेत प्रवेशाचा अर्ज भरताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यापाशी काही मुलांचा हात थबकतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या रिकाम्या रकान्यामागे काय दडलेले असते, हे विचारण्याचे धैर्य आम्हालाही प्रत्येक वेळी झालेले नाही. हे चरित्र त्या रकान्याचेही चरित्र आहे.

ओ. हेन्री यांचे मूळ नाव विल्यम सिडनी पोर्टर. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८६२ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे झाला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत. विल्यम अवघे तीन वर्षांचे असताना आई क्षयाने गेली आणि ते आजीच्या घरी वाढले. आत्या लीना यांची छोटी शाळा होती. तिथेच त्यांचे शिक्षण झाले आणि तिथेच वाचनाचा नाद लागला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षण थांबले. पुढे ते काकांच्या औषधांच्या दुकानात कामाला लागले आणि १८८१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना औषधविक्रीचा रीतसर परवाना मिळाला. दुकानात बसल्या बसल्या ते गिऱ्हाइकांची व्यंगचित्रे काढीत. माणसे न्याहाळण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली आणि तो परवाना पुढे अशा ठिकाणी उपयोगी पडला, की जिथे जाण्याची कल्पनाही त्यांनी तेव्हा केली नसेल.

सततच्या खोकल्यावर हवापालटाचा उपाय म्हणून ते १८८२ मध्ये टेक्सास राज्यात गेले. प्रथम मेंढ्यांच्या कुरणावर राहिले आणि नंतर ऑस्टिन शहरात आले. तिथे १८८७ साली अ‍ॅथॉल एस्टेस या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पहिले मूल जन्मल्यावर काही तासांतच दगावले. १८८९ मध्ये मार्गारेट ही कन्या झाली. राज्याच्या जमीन महसूल कार्यालयात ते नकाशे काढण्याचे काम करीत होते; ती नोकरी १८९१ मध्ये सुटली आणि ते ऑस्टिनच्या फर्स्ट नॅशनल बँकेत रोखपाल झाले.

या बँकेचा कारभार अत्यंत ढिला होता. त्यातच पोर्टर यांनी ‘द रोलिंग स्टोन’ नावाचे विनोदी साप्ताहिक चालविण्यास घेतले. त्याचा खप जेमतेम दीड हजारांपर्यंत पोचला आणि १८९५ मध्ये ते बंद पडले. तत्पूर्वीच हिशेबात तूट आढळल्याने त्यांची बँकेतील नोकरी गेली होती. ते ह्यूस्टनला जाऊन तेथील वृत्तपत्रात लिहू लागले. पण सरकारी तपासनिसांनी बँकेची दप्तरे पुन्हा उघडली आणि त्यांना अटक झाली. सासऱ्यांनी जामीन भरून त्यांना सोडवून आणले. जुलै १८९६ मध्ये खटल्याच्या आदल्या दिवशी पोर्टर न्यायालयाच्या वाटेवर निघाले खरे. परंतु त्यांचा धीर सुटला. वाटेतच गाडी बदलून ते न्यू ऑर्लिन्सला गेले आणि तिथून जहाजाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात पोचले. अमेरिकेला आरोपी परत देण्याचा करार त्या देशाने तेव्हा केलेला नव्हता.

कदाचित ते तिथेच राहिले असते. परंतु अ‍ॅथॉल यांना क्षयाने ग्रासले होते. त्यांना प्रवास करणे शक्य नव्हते आणि त्यांच्या दिवसांची मोजणी सुरू झाली होती. हे कळताच पोर्टर १८९७ च्या फेब्रुवारीत परतले आणि न्यायालयाच्या स्वाधीन झाले. परतल्यास तुरुंग अटळ आहे, हे त्यांना ठाऊक होते. पळून जाताना जो भित्रा ठरला, तो परत येताना मात्र भित्रा राहिला नाही. त्याच वर्षी २५ जुलै रोजी अ‍ॅथॉल यांचे निधन झाले. फेब्रुवारी १८९८ मध्ये न्यायालयाने पोर्टर यांना दोषी ठरवून पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. त्यांनी जाणूनबुजून अपहार केला, की ढिल्या कारभाराचे खापर त्यांच्या माथी फुटले, याविषयी चरित्रकारांत एकमत झालेले नाही. त्यांनी स्वतःच्या बचावासाठी फारसे तोंड उघडले नाही. आणि पळून गेलेल्या माणसाच्या मौनाचा अर्थ न्यायालय एकच लावते.

२५ मार्च १८९८ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथील कारागृहाचे दार त्यांच्यामागे बंद झाले. विल्यम पोर्टर हे नाव बाहेर राहिले; आत आला तो कैदी क्रमांक ३०६६४. वय पस्तीस, पत्नी नुकतीच गेलेली, आठ वर्षांची मुलगी आजी-आजोबांकडे, आणि कपाळी चोरीचा डाग.

येथे तो जुना परवाना कामी आला. औषधे ओळखणारा कैदी म्हणून त्यांना कारागृहाच्या रुग्णालयात रात्रपाळीच्या कंपाउंडरचे काम मिळाले. त्यामुळे दगड फोडण्यासारख्या कष्टांतून ते सुटले आणि झोपण्यासाठी त्यांना रुग्णालयातच जागा मिळाली. पण या सोयीबरोबर एक भारही आला. कारागृहातील सारे दुखणे, सारे मरण रात्रीच्या वेळी त्यांच्याच समोरून जात असे. क्षयाने खंगलेले, मारामारीत जखमी झालेले, जगण्याला कंटाळलेले कैदी त्यांनी जवळून पाहिले. तिजोऱ्या फोडणारे, आगगाड्या लुटणारे, भोळ्याभाबड्यांना ठकविणारे लोक त्यांच्याशी मोकळेपणी बोलत. ग्रीन्सबरोच्या दुकानात गिऱ्हाईक न्याहाळणारा तो तरुण येथे पुन्हा जागा झाला. फरक इतकाच, की आता त्याच्या हाती व्यंगचित्राची पेन्सिल नव्हती, कथेची लेखणी होती.

लेखन त्यांना अगदीच नवे नव्हते. तुरुंगात जाण्यापूर्वी त्यांची एक कथा मॅक्ल्युअर यांच्या संस्थेने स्वीकारली होती. परंतु हौसेने लिहिणे वेगळे आणि लेखनाचा व्यवसाय उभारणे वेगळे. तो व्यवसाय त्यांनी उभारला तो या भिंतींच्या आत. औषधे वाटून झाल्यावर, पुढची हाक येईपर्यंत जो वेळ उरे, तो त्यांनी कथेला दिला. मुलीसाठी काही पाठवता यावे, ही निकड त्यामागे होती. आता विनोदी चुटके पुरेसे नव्हते. संपादक पैसे मोजून घेईल अशी, घट्ट विणलेली कथा लिहिणे भाग होते.

एक अडचण मात्र मोठी होती. तुरुंगाचा पत्ता असलेले हस्तलिखित कोणता संपादक उघडणार? आणि उघडले तरी ही बातमी मुलीच्या कानावर जाणार नाही कशावरून? म्हणून त्यांनी एक वाट काढली. कथा प्रथम न्यू ऑर्लिन्स येथील एका परिचिताकडे जाई आणि तिथून मासिकांच्या कचेऱ्यांकडे रवाना होई. लेखक त्या शहरातलाच कोणी रहिवासी असावा, असा संपादकांचा समज होई. नावेही त्यांनी निरनिराळी घेतली. त्यांतले एक होते ओ. हेन्री. १८९९ च्या डिसेंबरमध्ये ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात ‘व्हिसलिंग डिक्स ख्रिसमस स्टॉकिंग’ ही कथा या नावाने छापून आली. कारावासाच्या काळात त्यांच्या एकंदर १४ कथा प्रसिद्ध झाल्या. देशभरच्या वाचकांनी त्या वाचल्या, आणि ज्याने त्या लिहिल्या तो रात्री कैद्यांना औषधाचे घोट पाजीत होता.

आणखी एक लेखन ते त्याच खोलीत करीत होते. ते छापण्यासाठी नव्हते. ती होती मार्गारेटला लिहिलेली पत्रे. त्यांत थट्टामस्करी असे, गमतीदार हकिगती असत, चित्रे असत. दुःखाचा शब्द नसे. वडील कामासाठी दूर गेले आहेत, एवढेच तिला सांगण्यात आले होते. आपल्या शाळेतील ज्या मुलांनी घरच्या पत्राची वाट पाहिली आहे, त्यांना त्या पत्रांचे मोल सांगायला नको. आम्हाला वाटते, की वाचकाला हसवता हसवता आपले अश्रू आड ठेवण्याची जी हातोटी पुढे जगाने वाखाणली, तिचा सराव या पत्रांतच झाला असावा.

शिक्षेच्या उत्तरार्धात त्यांना कारागृहाच्या भिंतीबाहेरील कोठाराच्या कार्यालयात हिशेबनीस म्हणून नेमण्यात आले. हिशेबातील अपराधाबद्दल ज्याला शिक्षा झाली, त्याच्याच हाती तुरुंगाने हिशेबाच्या वह्या दिल्या. चांगल्या वर्तणुकीमुळे शिक्षेत सूट मिळून २४ जुलै १९०१ रोजी ते मुक्त झाले. पिट्सबर्ग येथे आजी-आजोबांकडे राहणारी मार्गारेट तेव्हा अकरा वर्षांची झाली होती.

१९०२ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, ते नवखे उमेदवार म्हणून नव्हे. त्यांची कथा संपादकांच्या ओळखीची झाली होती. तिथे त्यांनी ३८१ कथा लिहिल्या. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रासाठी तर वर्षाहून अधिक काळ दर आठवड्याला एक. होंडुरासमधील दिवसांतून ‘कॅबेजेस अँड किंग्ज’ हे पुस्तक १९०४ मध्ये निघाले. १९०६ च्या ‘द फोर मिलियन’ या संग्रहात ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही कथा आहे. एकमेकांना भेट देण्यासाठी आपली सर्वांत प्रिय वस्तू विकणारे ते गरीब जोडपे आज जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. त्या संग्रहाच्या नावातच त्यांची दृष्टी होती: न्यूयॉर्कमध्ये गणना करण्याजोगी माणसे मूठभर श्रीमंत नव्हेत, तर शहरातील सर्व चाळीस लाख. दुकानांत राबणाऱ्या मुली, भाड्याच्या खोल्यांतील कारकून, बाकावर झोपणारे बेघर हे त्यांचे नायक झाले. ‘अ रिट्रीव्ह्ड रिफॉर्मेशन’ या कथेतील तिजोरीफोड्या तर थेट तुरुंगाच्या आठवणींतून उभा राहिला आहे. तो सन्मार्गाला लागलेला असतो. पण तिजोरीत अडकलेल्या एका लहान मुलीला वाचविण्यासाठी, आपले पूर्वायुष्य उघड होईल हे पत्करून, जुनी हत्यारे बाहेर काढतो. आणि त्याला पकडायला आलेला अधिकारी त्याला ओळख न दाखवता निघून जातो.

हा प्रसंग लिहिणाऱ्याला स्वतःच्या बाबतीत मात्र असा भरवसा कधी वाटला नाही. कीर्ती शिखरावर असताना ते मुलाखती टाळत, छायाचित्र देणे टाळत, जुन्या ओळखी टाळत. कोणी तरी ओहायोची गोष्ट काढील, ही धास्ती त्यांच्या मागे सतत होती. मद्यपान वाढले. १९०७ मध्ये बालपणीची मैत्रीण सारा कोलमन यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. तोही फार काळ टिकला नाही. पैसा आला तसा गेला. ५ जून १९१० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. कारावासाची शिक्षा सव्वातीन वर्षांत संपली होती. तिची लाज त्यांनी आणखी नऊ वर्षे भोगली.

आणि जे त्यांनी इतक्या कसोशीने लपविले, ते उघड झाल्यावर काय घडले? १९१६ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि तुरुंगवासाची हकीकत सर्वांना कळली. वाचकांनी त्यांची पुस्तके टाकून दिली नाहीत. उलट १९१९ मध्ये उत्तम कथांसाठी त्यांच्याच नावाने पुरस्कार सुरू झाला, तो आजही दिला जातो. तुरुंगात घेतलेले ते नाव कथेच्या गुणवत्तेची खूण बनले.

या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली अशी, की माणूस जिथे पडला असेल तिथूनच, हाती उरलेल्या तुटपुंज्या साधनांनी, काम सुरू करता येते. एक जुना परवाना आणि रात्रीचे काही मोकळे तास एवढ्यावर एक लेखक उभा राहिला. ही गोष्ट ओ. हेन्री यांनी स्वतः करून दाखविली. दुसरी गोष्ट त्यांना साधली नाही, म्हणून ती आपण साधली पाहिजे. लाजेपायी आयुष्य झाकून ठेवण्याची गरज कोणाला पडू नये, इतके मोठे मन भोवतालच्या माणसांनी दाखवावे. त्यांच्या कथेतील तो अधिकारी त्यांना आयुष्यात भेटला नाही. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या मुलाला मात्र तो आपल्या शाळेच्या दारातच भेटावा. तो रकाना रिकामा राहिला तरी प्रवेश अडणार नाही, आणि भरला तरी मान कमी होणार नाही, एवढी हमी आम्ही शिक्षक त्या मुलाला देऊ इच्छितो.